पोचा

गुरुवारी रात्री आठला
आमची गल्ली दारात यायची.
ग्रिम्स्बीत मे महिन्यात आठलाही उजेड असतो,
त्यामुळे कोण आलं नाही, तेही दिसायचं.

समोरचे ॲलनबी, गोदीतले जुने वेल्डर,
एक कान कामालाच देऊन बसलेले,
ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं धरून
पान्याने बडवायचे.
ताल नाही. दारावर वसुलीवाला आल्यासारखं.
गल्ली थांबली तरी ते थांबत नसत,
गल्ली थांबलीय हे त्यांना ऐकू येत नसे.

मीही वाजवायचे टाळ्या.
कोणासाठी, ते नक्की नव्हतं.
मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात. तळघरात.
चादरी, गाऊन, अभ्रे
लाल पिशव्यांतून यायचे. त्या पाण्यात विरघळतात,
आत काय आहे ते हाताला कळू नये म्हणून.
बातम्यांत नर्स दिसायच्या, डॉक्टर दिसायचे.
चादरी आपोआप पांढऱ्या व्हायच्या.
तेव्हा थोडं स्वतःसाठी वाजवायचे,
थोडं ब्रोनासाठी, माझ्या शेजारच्या मशीनवरची,
जी एप्रिलात वरच्या मजल्यावर गेली
आणि मग तिच्या चादरी खाली आल्या.
मीच लावल्या असतील मशीनला.
चादरीवर नाव नसतं.

ब्लीचने चिरलेल्या तळव्यांना
टाळी झोंबते.
हे कुणाला सांगितलं नाही.

माझी कीली बाहेर येत नसे.
"ज्यांचं हातावर पोट," ती म्हणायची,
"त्यांना हे लोक हातच दाखवतात.
गॅसच्या मीटरमध्ये टाकून बघ तुझ्या टाळ्या."
खरं होतं.
खरं असलं तरी दार लावून बसवत नाही माणसाला.

मग ते संपलं. कधी, आठवत नाही.
एका गुरुवारी पाऊस होता,
पुढच्या गुरुवारी कुणाला गुरुवार आठवला नाही.
मागाहून पगाराचं पत्र आलं:
आपल्या अमूल्य सेवेबद्दल.
अमूल्य, म्हणजे ज्याचं मोल द्यायचं नाही असं.
टाळी आणि टाळाटाळ
एकाच माहेरच्या दोघी, तेव्हा कळलं.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, आम्ही फाटकाबाहेर.
हातात पुठ्ठे, पायात दोन-दोन मोजे.
काही गाड्या हॉर्न देत जायच्या.
एकीने काच खाली करून विचारलं,
"आणि आजाऱ्यांनी काय करायचं?"
ओळखीची होती. हिच्या खिडकीत तेव्हा
मुलाने रंगवलेलं इंद्रधनुष्य होतं, जांभळा विसरलेलं.
तिचाही प्रश्न काही खोटा नव्हता.

साडेदहाला ॲलनबी आले.
चालत, सव्वा मैल,
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून.
मटारचं सूप. पातेलं तेच.
बुडाच्या कडेला एवढा मोठा पोचा,
की खाली ठेवलं की कलायचं.
म्हणून एकाने धरायचं, बाकीच्यांनी प्यायचं,
मग धरणारा बदलायचा.

मी त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडून विचारलं,
"तेव्हा कशासाठी वाजवत होता हो?"
"हो," ते म्हणाले, "मीठ कमीच घातलंय."

पगार वाढला. तासाला काही पेन्स.
कीलीने विचारलं, "टाळ्यांनी की संपाने?"
मी म्हटलं, "सूप तरी गरम होतं."
ती हसली नाही.

पातेलं घासून परत द्यायला गेले.
आतून बोट फिरवलं होतं, पोचा निघत नाही.
त्यांनी ते उलटं करून पाहिलं
आणि सवयीने, बोटांच्या पेरांनी,
एकदा वाजवलं.
दुपारचे तीन. मंगळवार. गल्लीत कुणी नाही.

मी मोठ्याने म्हटलं, "पोचलं."
त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.